मराठी वर्कशीट मुक्त परवान्यात टाकायच्यात, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

जव्हारकर_गुरुजी

नमस्कार मंडळी, मी पालघर जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. आमच्या केंद्रातल्या काही शिक्षकांनी मिळून तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी वर्कशीट केल्यात, म्हणजे आजूबाजूची झाडं, नागली-वरईची शेती, विहिरीचं पाणी, पावसाळ्यात दिसणारे किडे वगैरे. पाठ अभ्यासक्रमाला धरून आहेत पण उदाहरणं सगळी इथली, पोरांनी डोळ्यांनी बघितलेली. वर्गात चांगल्या चालल्या, आता शेजारच्या तालुक्यातूनही मागणी येतेय आणि आम्हाला त्या सगळ्यांसाठीच खुल्या करायच्यात. खुल्या म्हणजे कुणीही उतरवून घ्याव्यात, आपल्या गावाप्रमाणे बदलाव्यात, छापाव्यात, आम्हाला फोन करून परवानगी मागायची गरज पडू नये.

अडचण अशी आहे की काही फाइली वर्डमध्ये जुन्या फॉन्टात आहेत, काही गुगल डॉक्समध्ये, काही हाताने काढून मोबाइलने स्कॅन केलेल्या. एक मित्र म्हणतो सरळ पीडीएफ करा आणि ड्राइव्हची लिंक ग्रुपवर टाका, दुसरा म्हणतो कॅनव्हात करा छान दिसेल. मी शोधायला गेलो तर एक्सी-लर्निंग, एचफाइव्हपी, प्रेसबुक्स अशी नावं समोर आली आणि कशाने काय होतं तेच कळेना. शाळेत थोडे टॅब आहेत, त्यावर खेळासारखे प्रश्न द्यायचीही इच्छा आहे, पण नेट भरवशाचं नाही. पैसे शून्य. आणि एक सहकारी मॅडम म्हणतात की खुलं केलं तर उद्या कुणी गाइडवाला छापून विकेल, त्याचं काय? कुणी हे काम केलं असेल तर नीट सांगा, घाई नाही.

मूळफाइल_पुणे

गुरुजी, आधी काम फार मोलाचं केलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअरच्या आधी एक गोष्ट पक्की करा, की लोकांच्या हातात फक्त पीडीएफ द्यायची नाही, जिच्यात बदल करता येतो ती मूळ फाइलपण द्यायची. तुम्हीच लिहिलंय ना आपल्या गावाप्रमाणे बदलाव्यात म्हणून, मग धडगावच्या बाईंना तुमच्या विहिरीच्या पाठात त्यांची नदी घालायची असेल तर पीडीएफमध्ये त्या काय करणार, सगळं पुन्हा टाइप करत बसणार? परवाना कितीही मोकळा लिहिला तरी फाइल बंद असेल तर बदल कुणी करत नाही. त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरमधून मूळ फाइल फुकट उघडता येते तेच निवडा. कॅनव्हा मला याच कारणाने नको वाटतो, दिसतं सुंदर पण बदलायला खातं लागतं आणि त्यातल्या तयार चित्रांना त्यांचा स्वतःचा परवाना असतो, ती चित्रं तुम्ही तुमच्या परवान्याखाली वाटू शकत नाही.

छापायच्या वर्कशीटसाठी लिब्रेऑफिस रायटर घ्या, वर्डसारखंच आहे पण फुकट, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं. मराठीसाठी सुरुवातीलाच एक सेटिंग करावं लागतं आणि बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात: टूल्स, मग ऑप्शन्स, मग लँग्वेजमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे भाषा मराठी निवडा. रायटर देवनागरीचा फॉन्ट आणि अक्षराचा आकार इंग्रजीपासून वेगळा धरतो, त्यामुळे हे केलं नाही तर तुम्ही आकार 18 करता आणि अक्षरं आहेत तेवढीच राहतात. शीर्षकं हाताने ठळक न करता हेडिंग १, हेडिंग २ या स्टाइल लावा. एकदा स्टाइल नीट बसवली की सगळ्या वर्कशीट एका साच्यात येतात, उद्या फॉन्ट बदलायचा झाला तर एकाच जागी बदलायचा.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट. रायटरमधून पीडीएफ एक्सपोर्ट करताना पहिल्याच टॅबवर हायब्रिड पीडीएफ असा एक पर्याय असतो, त्यावर टिक करा. त्याने पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटी फाइल, म्हणजे रायटरची स्वतःची बदलता येणारी फाइल, बसते. फोनवर उघडली तर साधी पीडीएफ, पण तीच फाइल रायटरमध्ये उघडली की पूर्ण बदलता येते. म्हणजे व्हॉट्सॲपवर एकच फाइल फिरली तरी मूळ तिच्याबरोबरच फिरते, कुणाला वेगळी मागावी लागत नाही. शिक्षकांच्या ग्रुपमध्ये याच्यापेक्षा सोयीचं मी काही बघितलेलं नाही.

रायटर शिकायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठी आवाजातले छोटे छोटे व्हिडिओ आहेत, ऐकत ऐकत बाजूला करून बघायचे. तुमच्या मॅडमना पण दाखवा.

डीटीपी_अनघा

मी अक्षरजुळणीतली, त्यामुळे जुन्या फॉन्टबद्दल मी बोलते. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसतो, म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसतं पण फाइलच्या आत भलतीच अक्षरं असतात. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला कचरा दिसतो, शोधता येत नाही, गुगलला सापडत नाही. तेव्हा दुसरं काहीही करायच्या आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर ऑनलाइन फुकट मिळतात, पण तुमचा नेमका फॉन्ट कोणता तो बघून त्याचाच कन्व्हर्टर घ्या, नाहीतर निम्मंच बदलतं.

कन्व्हर्ट झाल्यावर डोळ्यात तेल घालून वाचावं लागतं, त्याला इलाज नाही. चुका कुठे होतात ते सांगते म्हणजे तिथे आधी बघाल. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, त्यामुळे ‘स्थिती’, ‘शक्ति’सारख्या जोडाक्षरात ती भलतीकडे चिकटते. रफार एक घर पुढेमागे होतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य आणि ऱ्ह तुटतो, तुमच्या डोंगरदऱ्यांच्या पाठात हा शब्द येणारच. आणि ॲ, ऑ ही अक्षरं, हे बघाच.

फॉन्टबद्दल, तिसरीची मुलं जे अक्षर बघतात तसंच गिरवतात, म्हणून मराठी वळणाचा फॉन्ट घ्या, पाकळीचा ल आणि देठाचा श असलेला. शासनाच्या वर्णमालेच्या जीआरमध्येही हीच रूपं दिलीत. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास त्यासाठीच केलेला आहे, गुगल फॉन्ट्सवर मिळतो. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा दुसरा फॉन्टही फार स्वच्छ आहे, लहान आकारातही वाचता येतो. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत म्हणजे तुम्ही वर्कशीटच्या फोल्डरमध्ये फॉन्टची फाइलसुद्धा घालून देऊ शकता, समोरच्याला शोधायला नको. बाजारातला कुठला फॉन्ट वापरलात तर हे करता येत नाही.

हाताने लिहिलेल्या पानांसाठी ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर) वगैरेच्या नादी लागू नका हो, हस्ताक्षर त्याला जमत नाही, एखाद्या ताईंना बसवून सरळ टाइप करून घ्या. छापील मजकूर असेल तर मात्र टेसरॅक्ट नावाचा ओसीआर मराठी वाचतो, तो घेऊन बघा.

कॉमन्सवाला

परवान्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, मी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर, बरीच वर्षं फोटो चढवतो.

मॅडमची भीती मला पूर्ण समजते, कष्ट आपले आणि पैसा दुसऱ्याचा असं कुणालाच नको असतं. पण तरी माझं मत सीसी, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार मुक्त परवान्यांपैकी बाय-एसए 4.0 च घ्या असं आहे. नॉन कमर्शियल, म्हणजे एनसी लावला की गाइडवाला अडतो हे खरं, पण त्याच्यासोबत बाजारातला झेरॉक्सवाला जो तुमची वर्कशीट काढून पानामागे दोन रुपये घेतो तोही संभ्रमात पडतो, खाजगी क्लास चालवणारी गावातली मुलगी संभ्रमात पडते, आणि कॉमन्स व विकिबुक्स तर एनसी साहित्य घेतच नाहीत. बाय-एसए मध्ये विकायला बंदी नाही पण दोन अटी आहेत, तुमचं नाव द्यायचं आणि बदल करून काढलेली आवृत्ती त्याच परवान्यात खुली ठेवायची. म्हणजे गाइडवाल्याने भर घातली तर ती भर कायद्याने तुम्हालाही वापरता येते. आणि तुमची मूळ वर्कशीट फुकट मिळतच असते, मग त्याच्याकडून विकत कोण घेणार. एक लक्षात ठेवा, सीसी परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून सगळे बसून नीट ठरवा.

दोन कागद आधी करून घ्या. ज्या ज्या शिक्षकाने लिहिलं, चित्र काढलं त्या प्रत्येकाची लेखी संमती, कारण कॉपीराइट प्रत्येकाचा असतो. आणि वरिष्ठांकडून एक पत्र, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जातो. तुमच्या बाबतीत तो कुणाचा धरायचा यावर नंतर वाद नको, पत्र फाइलला असलेलं बरं.

बालभारतीच्या पुस्तकातलं चित्र किंवा उतारा जसाच्या तसा कुठे आला असेल तर काढून टाका. पीडीएफ फुकट उतरवता येते म्हणून आपल्याला ती आपल्या परवान्यात वाटता येते असं नाही, हक्क मंडळाकडे आहेत, पहिल्याच पानांवर छापलेलं असतं. गुगल इमेजमधून घेतलेली चित्रंही तशीच. त्याऐवजी कॉमन्सवरून घ्या आणि प्रत्येक चित्राखाली एक ओळ: चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कुठून घेतलं, कोणता परवाना. फार चित्रं असतील तर शेवटच्या पानावर एकत्र दिलं तरी चालतं. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो तर वापरूच नका, ते नेटवर गेले की कायमचे गेले.

ठेवायचं कुठे, तर ड्राइव्हची लिंक नको. खातं ज्याचं तो माणूस बदलून गेला की लिंक मेली, शिवाय ॲक्सेस मागायच्या विनंत्या येत राहतात. इंटरनेट आर्काइव्हवर (सगळ्यांसाठी खुलं ऑनलाइन ग्रंथालय) पूर्ण संच टाका, मूळ फाइली, पीडीएफ, फॉन्ट सगळं. चित्रं स्वतंत्रपणे कॉमन्सवर. आवृत्त्या नीट सांभाळायच्या असतील तर झेनोडो, सर्न या संस्थेचं आहे, प्रत्येक आवृत्तीला डीओआय, म्हणजे न बदलणारा कायमचा ओळख क्रमांक मिळतो.

धारणीची_बाई

मी मेळघाटातून. हा धागा बघून राहवलंच नाही म्हणून लिहितेय, कारण मी तुमच्या त्या दुसऱ्या बाजूची आहे गुरुजी, म्हणजे दुसऱ्यांचं साहित्य घेऊन बदलणारी. माझ्या वर्गात पहिली दोन वर्षं मुलं कोरकूतच बोलतात. मला झाडाचं चित्र मिळतं छान, पण त्यावर मूळ, खोड, पान ही नावं चित्रातच गोठलेली असतात, जेपीजी. मग मी पांढरी पट्टी चिकटवून वर पेनाने लिहिते आणि झेरॉक्स काढते. तुम्ही चित्रं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, एसव्हीजी फाइल द्या (तिच्यातली प्रत्येक रेघ, शब्द नंतर बदलता येतो) आणि नावं टेक्स्ट म्हणूनच ठेवा, त्याचे पाथ, म्हणजे नुसत्या रेघा, करू नका. मग मी ‘खोड’ वर क्लिक करून कोरकू शब्द टाकला की झालं काम, तेच चित्र भिलीत, पावरीत, कोकणीत कुणालाही करता येईल. हाताने काढलेलं चित्र असेल तर त्याचा स्वच्छ फोटो इंकस्केपमध्ये आणून ट्रेस बिटमॅप करा, रेघा सुंदर येतात. खालची नावं मात्र आधी खोडून घ्या आणि मग वर टाइप करा.

टॅबसाठी मी काय करते ते सांगते. एचफाइव्हपी म्हणजे छोटे छोटे खेळ, ओढून जागेवर ठेवा, चित्रावर टिचकी मारा, जोड्या जुळवा. त्यासाठी लुमी नावाचं फुकट सॉफ्टवेअर कंप्युटरवर टाकायचं, खेळांचे प्रकार एकदा नेटवरून उतरवून घेतले की पुढे बिना नेट चालतं, आणि तयार खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये सेव्ह करता येतो, ती टॅबच्या क्रोममध्ये उघडते. सोबत .एचफाइव्हपी फाइलही द्या, बदलणाऱ्याला तीच लागते.

एक मात्र बघा, रिकाम्या जागा भरा या प्रकारात मुलांना मराठी टाइप करायला लावू नका. ॲ हे अक्षर दोन पद्धतीने टाइप होतं, एक सबंध ॲ आणि एक अ वर चंद्र देऊन, डोळ्यांना सारखंच दिसतं पण मशीन दुसरं चूक धरतं आणि पोरगं हिरमुसतं, त्याला वाटतं आपलंच चुकलं. टाइप करायला द्यायचंच असेल तर उत्तरात तिरकी रेघ देऊन दोन्ही रूपं लिहा, एचफाइव्हपी दोन्ही बरोबर धरतं. लहान मुलांना ओढून ठेवायचाच खेळ बरा.

एक्सी-लर्निंग कधी घ्यायचं तर पूर्ण पाठ करायचा असेल, वाचन, चित्र, मग प्रश्न, मग पुढचं पान असा. त्यात डावीकडे पानांची यादी असते आणि काम झालं की वेबसाइटचं फोल्डर म्हणून एक्सपोर्ट करायचं, पेनड्राइव्हवरूनही चालतं. पण तुमच्याकडे सुट्या वर्कशीट आहेत, सुरुवातीला त्याची गरज मला दिसत नाही. प्रेसबुक्स पुस्तकासाठी आहे, सर्व्हर लागतो, ते राहू द्या.

आणि कोलिब्री! नेट नसलेल्या शाळेसाठीच केलेलं आहे ते. एका कंप्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या कंप्युटरवर टाकायचं, टॅब त्याच्या वायफायला जोडायचे, बाहेरचं नेट लागत नाही. कोलिब्री स्टुडिओ नावाची वेबसाइट आहे, तिथे तुमच्या पीडीएफ, व्हिडिओ, एचफाइव्हपीचं एक चॅनल करा, एकदा नेट असलेल्या ठिकाणी उतरवा आणि मग पेनड्राइव्हने शाळाशाळांत न्या. प्रथमचं मराठी साहित्यही त्यावर आहे, तुमचं त्याच्या शेजारी दिसेल.

ऐकून_वाचणारा

मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, शिक्षकच आहे. अनघाताईंनी युनिकोडचं सांगितलं त्याला माझा हात वर, कारण जुन्या फॉन्टची फाइल माझा संगणक अक्षरशः इंग्रजीतली बाराखडी मोडून वाचल्यासारखा वाचतो, एक शब्द कळत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ तर पूर्ण मुकी.

तीन गोष्टी करा. हेडिंग स्टाइल, त्या वर सांगितल्याच आहेत, मी एक बटण दाबत शीर्षकावरून शीर्षकावर जातो, त्या नसतील तर मला सगळं पान पहिल्यापासून ऐकावं लागतं. दुसरं, प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, रायटरमध्ये चित्रावर राइट क्लिक केलं की जागा मिळते. ‘झाडाचं चित्र’ असं नका लिहू, ‘मोहाचं झाड, खाली पडलेली फुलं टोपलीत वेचणारी बाई’ असं लिहा, चित्रावर जो प्रश्न विचारलाय तो सोडवता येईल इतकं. तिसरं, पीडीएफसोबत ईपब (ई-पुस्तकाची फाइल) पण द्या, रायटरमधूनच एक्सपोर्ट होतो. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर काना-मात्रा विस्कटतात, स्क्रीन रीडरलाही तेच विस्कटलेलं मिळतं. ईपबमध्ये तो त्रास नाही आणि कमी दिसणाऱ्या मुलाला अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. वर्डमध्येच काम करणारे असतील तर डेझी कन्सॉर्शियमचं वर्ड-टू-ईपब फुकट आहे.

टर्मिनल_नाशिक

सगळ्यांशी सहमत, एकच भर. जर पुढेमागे साहित्य खूप वाढणार असेल आणि तुमच्यात एखादा कंप्युटरची आवड असलेला असेल तर मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा घातलेली नुसती टेक्स्ट फाइल) साठवून पॅनडॉक या फाइली बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने एकाच फाइलमधून वेबपान, ईपब, वर्ड, पीडीएफ सगळं काढता येतं, पीडीएफसाठी झीलाटेक्स हे आणखी एक सॉफ्टवेअर लागतं आणि भाषा एमआर (मराठीचा कोड) व देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो. गिटहबवर ठेवलं तर कुणी काय बदललं ते दिसतं. पण सगळ्या शिक्षकांनी हे शिकावं असं मी अजिबात म्हणणार नाही, लिहिणाऱ्याला रायटरच द्या.

मूळफाइल_पुणे

@टर्मिनल_नाशिक बरोबर, आणि वर्कशीटला ते जड जातं. तक्ते, रंगवायची चित्रं, उत्तरासाठी रेघा हे मार्कडाउनमध्ये बसवणं म्हणजे निम्मा वेळ त्यातच. मोठ्या गद्य पाठांसाठी उत्तम.

जव्हारकर_गुरुजी

एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. हायब्रिड पीडीएफ आत्ता इथेच करून बघितली, खरंच उघडून बदलता येते, आमच्या मॅडम तर खूशच झाल्या. धारणीच्या बाई, तुमची पट्टी चिकटवायची गोष्ट वाचून आम्ही ठरवलंय की चित्रं आधी करायची, मजकूर नंतर. झाडांची सगळी चित्रं एसव्हीजीत. बाय-एसए वर पण मॅडम तयार झाल्यात, संमतीपत्राचा नमुना त्याच लिहितायत.

दोन शंका राहिल्यात. आमच्यातले काही जण मोबाइलवरच टाइप करतात, त्यांनी काय करावं? आणि कुणी बदललेली आवृत्ती केली तर ती आम्हाला कळावी कशी?

डीटीपी_अनघा

मोबाइलवाल्यांनी गुगल डॉक्समध्ये युनिकोड कीबोर्डने नुसता मजकूर टाइप करावा, सजावट काहीही करू नये, फक्त शीर्षकाला हेडिंग द्यावं. मग एकाने ते ओडीटी म्हणून उतरवून साच्यात घालायचं. मोबाइलवर तक्ते करायला गेलात तर नंतर निस्तरायला जास्त वेळ जातो.

कॉमन्सवाला

कळवण्याची सक्ती परवान्यात नाही आणि घालूही नका, तशी जादा अट टाकली की तो सीसी परवाना राहत नाही. पण विनंती करता येते. प्रत्येक वर्कशीटच्या तळाला परवान्याच्या ओळीखाली इंटरनेट आर्काइव्हच्या पानाचा पत्ता द्या, जमलं तर क्यूआर कोडसकट, आणि ‘तुम्ही बदल केला असेल तर त्याची मूळ फाइल आम्हालाही पाठवा’ असं लिहा. ईमेल मात्र एकट्या माणसाचा नको, केंद्राच्या नावाने एक नवा काढा, बदली झाली तरी चालू राहील. फाइलच्या नावात आवृत्ती आणि वर्ष लिहा, परिसर-4-विहीर-आवृत्ती-2 असं काहीतरी, नाहीतर ग्रुपवर चार फाइली फिरतात आणि नवी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.

धारणीची_बाई

गुरुजी झाडांचा पहिला संच झाला की इथेच लिंक टाका. कोरकू नावं मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरते आणि एसव्हीजी परत पाठवते.